‘कुंगफू’ आणि ‘तालीम’

(सिल्वासा येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या विषयात ‘कुंगफू’ हा शब्द आहे, म्हणून काही विद्यार्थी जास्तच उत्सुक दिसतात. त्यांना आधीच सांगतो, हातपाय चालवून दाखवण्याचा कार्यक्रम नाही. एका शब्दाचा अर्थ कसा घडतो, कसा सरकतो आणि त्याचा आपल्या वर्गातल्या वहीशी काय संबंध येतो, एवढेच पाहायचे आहे.

सुरुवात वहीपासूनच करू. सिल्वासातल्या मराठी माध्यमाच्या एखाद्या मुलाने निबंधात लिहिले, ‘आमच्या बाई तालमीला गेल्या आहेत.’ पुण्या-कोल्हापूरकडच्या परीक्षकापुढे हे वाक्य गेले, तर त्याच्या डोळ्यांसमोर शड्डू ठोकणाऱ्या बाई येतील. (आता मुलीही कुस्ती खेळतात आणि चांगली खेळतात, पण निबंधातल्या बाई त्यासाठी गेलेल्या नसतात.) परीक्षक लाल शाईने ‘तालमीला’ खोडून ‘प्रशिक्षणाला’ लिहील आणि कदाचित अर्धा गुण कापील. मुलाने मात्र कानावर पडलेला शब्द लिहिला आहे. गुजरातीत तालीम म्हणजे प्रशिक्षण. शिक्षकांची तालीम, परिचारिकांची तालीम, शिवणकामाची तालीम, हे सगळे तिथे सरळ आहे. या गावातले मूल बाजारात गुजराती ऐकते, कचेरीत हिंदी ऐकते, घरी मराठी बोलते. कित्येकांच्या घरी वारली, कोकणा किंवा धोडिया बोलली जाते. त्या मुलाने दोन भाषांतला एकच शब्द उचलला आणि दोहोंच्या मध्ये अडकला.

हा लाल शाईचा फटकारा बरोबर की चूक? मला तो चूक वाटतो. का वाटतो, हे सांगण्यासाठी थोडे चीनपर्यंत जाऊन यावे लागेल. तिथेही असाच एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ एक, आणि जगाने धरलेला अर्थ दुसरा.

कुंगफू हा शब्द दोन अक्षरांचा. पहिले अक्षर ‘कुंग’. ते लिहिताना डावीकडे ‘काम’ या अर्थाचे चिन्ह येते आणि उजवीकडे ‘जोर’ या अर्थाचे. डावीकडचे चिन्ह उच्चारही सांगते. काम आणि जोर मिळून जे होते ते कुंग, म्हणजे केलेल्या कामाचे फळ, कमाई, गुण. दुसरे अक्षर ‘फू’, म्हणजे वयात आलेला पुरुष. हात पसरून उभा राहिलेला माणूस आणि त्याच्या डोक्याशी एक आडवी रेघ, असे ते चिन्ह आहे. ही रेघ म्हणजे मोठे झाल्यावर केसांत खोचायची काडी, असे सांगतात.

आता या दोन अक्षरांच्या शब्दाचा जुना अर्थ पाहा. त्यात लढाईचा मागमूस नाही. चीनच्या तीन राज्यांच्या काळाचा जो जुना इतिहासग्रंथ आहे, त्यात हा शब्द रस्तादुरुस्तीच्या संदर्भात येतो. रस्ता नीट केला, पाऊस पडला, आता पुन्हा करावा लागणार, म्हणजे कुंगफू वाया गेले. इथल्या पावसाळ्यात राहणाऱ्यांना हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. कुंगफू म्हणजे खर्ची पडलेले श्रम, माणसांचे हात आणि त्यांचा वेळ.

पुढे हा अर्थ आत वळला. बाराव्या शतकातला मोठा तत्त्वज्ञ चू शी आणि त्याच्या परंपरेतले विचारवंत कुंगफू हा शब्द मन घडवण्याच्या रोजच्या अभ्यासासाठी वापरतात. वाचन, चिंतन, स्वतःच्या वागण्यावर नजर ठेवणे, हे सारे कुंगफू. आपल्याकडचा ‘साधना’ हा शब्द त्याच्या जवळ जातो. जपानमध्ये हाच शब्द ‘कुफू’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ डोके लढवून काढलेली युक्ती असा झाला. चीनमध्ये आजही निगुतीने, छोट्या भांड्यांत, वेळ देऊन केलेल्या चहाला कुंगफू चहा म्हणतात. त्या चहात मारामारी नाही. साध्या बोलण्यातही, ‘तुला वेळ आहे का?’ असे विचारताना हाच उच्चार येतो. सुगरणीच्या हातात कुंगफू असते, सुंदर अक्षर काढणाऱ्याच्या हातातही असते. एखाद्या मल्लाच्या अंगात ते असते तेव्हा तोही त्यांच्याच पंगतीला बसतो, एवढेच.

मग लढण्याच्या विद्येला चिनीत काय म्हणतात? त्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘वूशू’. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘ग्वोशू’, म्हणजे राष्ट्रीय कला, हे नावही चालले. १९२८ साली नानजिंगला सरकारी पाठबळाने जी मध्यवर्ती संस्था निघाली, तिच्या नावात हाच शब्द होता. ‘वूशू’तल्या ‘वू’ची एक गमतीची व्युत्पत्ती आहे. त्या अक्षरात एक शस्त्र आहे आणि खाली ‘थांबणे’ या अर्थाचे चिन्ह आहे. म्हणून शस्त्र थांबवणे म्हणजे वू, खरे शौर्य लढाई थांबवण्यात आहे, असा अर्थ इसवी सनापूर्वीच्या एका ग्रंथात एका राजाच्या तोंडी घातलेला आहे. अर्थ फारच सुंदर आहे, आणि व्युत्पत्तीच्या बाबतीत सुंदर अर्थ दिसला की सावध व्हावे. जुन्या कोरीव लेखांचा अभ्यास करणारे सांगतात की खालचे चिन्ह मुळात पावलाचे आहे. शस्त्र घेऊन चालून जाणे, असा तो सरळ अर्थ. राजाने सांगितलेली ती कल्पना, अभ्यासकांनी सांगितली ती व्युत्पत्ती. आपणही मराठीत असले पुष्कळ करतो. शब्द फोडतो, दोन्ही तुकड्यांना हवा तो अर्थ देतो आणि टाळ्या घेतो.

सावधपणाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपल्याकडच्या कराटे-कुंगफूच्या वर्गांतून नेहमी सांगितली जाते. बोधिधर्म नावाच्या भारतीय भिक्षूने शाओलिन मठात ही विद्या शिकवली, म्हणून कुंगफू मूळचे आपले, अशी ती गोष्ट. बोधिधर्म हे नाव चिनी बौद्ध परंपरेत फार मोठे आहे यात शंका नाही. पण त्याचे नाव अंगमेहनतीच्या पद्धतीशी जोडणारा प्रसिद्ध ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी झालेला. तांग हाओ या चिनी अभ्यासकाने १९३० सालीच या आख्यायिकेचा पाया ढिला असल्याचे दाखवून दिले. अभिमान बाळगायला आपल्याकडे इतर गोष्टी पुरेशा आहेत. त्यांतल्या काहींकडे आता वळायचेच आहे.

युरोपात हा शब्द छापून आला तो १७७९ साली. पेकिंगमध्ये राहणाऱ्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यांचा एक लेख पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्यात ताओपंथी साधूंच्या कुंगफूची माहिती आहे. आणि ती माहिती कशाची? आसने, श्वास आणि त्यांनी बरे होणारे आजार. ठोसा त्यात नाही. ठोसा आला तो बऱ्याच नंतर, दक्षिण चीन आणि हाँगकाँगच्या कँटनी बोलणाऱ्या लोकांकडून आणि सिनेमातून. अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘कुंगफू’ नावाची मालिका १९७२ साली सुरू झाली, ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ साली आला, आणि जगाने ठरवून टाकले की कुंगफू म्हणजे हवेत उडी मारून लाथ मारणे. आपल्या मराठीत शब्द आला तो या लाथेसकट. श्रम, वेळ, चहा, साधना हे सगळे वाटेत गळून गेले.

आता १७७९ हे साल निघाले आहे, तर सिल्वासात उभे राहून त्याच्यावरून पुढे जाता येत नाही. त्याच वर्षी पुण्यात पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याच्या आधाराने १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी इथली गावे पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी ही भूमी मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, आणि तिथे वाद कशावर झाला? इतर मुद्द्यांबरोबर मराठी तहाच्या आणि सनदांच्या शब्दांवर. दिले ते राज्य दिले की उत्पन्न दिले? १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटले की सनदांतली भाषा राज्य देण्याची नाही. वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची जहागीर किंवा सरंजाम, एवढेच त्यातून दिले गेले. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य झाली होती, असेही न्यायालयाने नोंदवले, ते खरेच. पण ‘सरंजाम’ या शब्दाचा अठराव्या शतकातला अर्थ काय, हे विसाव्या शतकात हेगला बसलेल्या न्यायाधीशांना पाहावे लागले, आणि ते या गावांसाठी. म्हणून शब्दाचा जुना अर्थ शोधणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे निदान सिल्वासात कुणी म्हणू नये.

आता ‘तालीम’कडे येऊ. शब्द अरबी. त्याच्या मुळाशी जाणणे, ज्ञान हा अर्थ आहे. इल्म, आलिम, मालूम, शिकवणारा तो मुअल्लिम, ही सगळी त्याची भावंडे. तालीम म्हणजे ज्ञान करून देणे, शिकवणे. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि मराठीत त्याचे एक वेगळेच झाले. आधी तो शिकवण्याच्या क्रियेचे नाव होता, मग शिकायच्या जागेचे नाव झाला. यात विशेष नवल नाही. ‘क्लास’ला जातो म्हणताना आपणही शिकण्याला आणि खोलीला एकच शब्द वापरतो. नवल हे की, इतक्या शिकण्याच्या जागांतून मराठीने हा शब्द दिला तो लाल मातीच्या हौदाला. कोल्हापुरात गंगावेस तालीम, मोतीबाग तालीम, शाहूपुरी तालीम. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले, आणि त्या शहरात तालीम हा शब्द पत्त्यासारखा वापरला जाऊ लागला. पुण्यातही तेच. तिथल्या मानाच्या तिसऱ्या गणपतीचे नाव आहे ‘गुरुजी तालीम’. एक शब्द संस्कृत, एक अरबी, आणि दोघांचा अर्थ शिकवण्याशी बांधलेला. हे नाव कुणी भाषाशास्त्र पाहून ठेवलेले नाही, पण भाषाशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखे आहे.

गुजरातीत असे का झाले नाही? तिथे कुस्तीच्या जागेला ‘अखाडो’ हा शब्द पक्का होता, त्यामुळे तालीम मोकळी राहिली आणि सगळ्या प्रशिक्षणाला पुरली. मराठीत आखाडाही आहे. संस्कृतातल्या ‘अक्षवाट’पासून तो आला. पण आपण दोघांत कामे वाटून दिली. आखाड्यात उतरायचे असते आणि तालमीत घडायचे असते. निवडणुकीचा आखाडा असतो, निवडणुकीची तालीम म्हटले तर ती मतदानापूर्वीची रंगीत तालीम होते. आखाडा चार लोकांसमोरचा, निकालाचा. तालीम पहाटेची, कुणी बघायला नसतानाची. चिनी माणूस वूशू आणि कुंगफू यांत जो फरक करत होता, त्याच्या जवळपासचा फरक आपल्या भाषेने न सांगता करून ठेवला आहे.

आणि मराठीत तालीम फक्त मातीत राहिली नाही, हे परीक्षक विसरतो. नाटकाच्या तालमी असतात. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत तालीममास्तर असत. गाण्याची तालीम तर अजून चालू आहे. सुधीर फडके यांना गाण्याची तालीम कोल्हापुरात वामनराव पाध्ये यांच्याकडे मिळाली. जिथे तालीम म्हटले की लोक हौदाकडे बोट दाखवतात, त्याच शहरात. याच फडक्यांनी १९५४ च्या इथल्या मुक्तिलढ्यात भाग घेतला, ते २ ऑगस्ट पाळणाऱ्या गावाला मी सांगायला नको. म्हणजे मराठी माणसाच्या कानात हा शब्द तीन ठिकाणी वाजतो, माती, रंगमंच आणि तंबोरा. तिन्हीकडे समोर शिकवणारा असतो, तेच ते पुन्हा पुन्हा करावे लागते आणि वर्षे जातात.

तालमीतले बाकीचे शब्द पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. पैलवान रोज जे करतो त्याला ‘मेहनत’ म्हणतात. अरबीत मेहनत म्हणजे कसोटी, सत्त्वपरीक्षा. ‘कसरत’ म्हणजे मुळात विपुलता, पुष्कळपणा. तेच पुष्कळ वेळा करणे म्हणून व्यायाम. गवयाचा ‘रियाज’ ज्या अरबी धातूपासून आला, त्यात घोडा वठणीवर आणणे हा अर्थ आहे. गळ्याला लगाम घालणे म्हणा. ‘जोर’ फारसी आहे आणि ‘कुंग’ या अक्षरातल्या उजव्या चिन्हाचा तोच अर्थ. शिकवणारा तो ‘वस्ताद’, मूळ उस्ताद. एकदा मराठी मातीत लोळल्यावर त्याला ‘व’ चिकटला, आणि ‘लई वस्ताद आहे’ म्हणताना त्यात थोडी लबाडीही आली. संस्कृताकडे गेलात तरी हेच. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मल्लांच्या व्यायामाची नावे येतात, भारश्रम, सलिलश्रम, स्तंभश्रम. वजनाचे श्रम, पाण्यातले श्रम, खांबावरचे श्रम. स्तंभश्रम म्हणजे आपल्या मल्लखांबाचा पूर्वज असे मानतात. या सगळ्या नावांत समान शब्द ‘श्रम’ आहे. शत्रू, वार, विजय यांतले काही नाही. चीन असो, अरबस्तान असो की कल्याणीचा दरबार, अंगविद्येला नाव देताना लोकांनी आधी घामाकडे पाहिले.

अर्थ उलट्या दिशेनेही सरकतो. कुंगफू कामाकडून मारामारीकडे गेले. आपल्या शाळांत २६ जानेवारीला मुले जी लेझीम खेळतात, ती मारामारीकडून नाचाकडे आली. लेझीम हा फारसी शब्द. ती मुळात धनुष्यच होती, पण दोरीच्या जागी लोखंडी साखळी आणि चकत्या असलेली. धनुष्य ओढण्याची ताकद यावी म्हणून ती ओढून खांदे कमवायचे. वजन कमी होत गेले, आवाज गोड होत गेला, हलगी जोडीला आली आणि धनुष्याचे वाद्य झाले. शिक्षकांनी मुलांच्या हातात लेझीम देण्यापूर्वी एकदा हे सांगावे. मुले ती निराळ्या तऱ्हेने धरतात.

आता वहीकडे परत. ‘आमच्या बाई तालमीला गेल्या आहेत’ या वाक्यात मुलाने वापरलेला अर्थ मूळ अर्थाच्या जवळचा आहे. हौद हा नंतरचा, खास मराठी अर्थ. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला जी शिक्षणयोजना मांडली, तिला नई तालीम म्हटले गेले, आणि ती मराठी मुलखातच मांडली गेली. एखाद्या गावकऱ्याला तेव्हा गावात नवा हौद खणणार असे वाटले असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. पण ‘नई तालीम’ हे नाव आपल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत राहिले आहे आणि ते कुणी लाल शाईने खोडत नाही. तेच नाव मोठ्या माणसाने दिले तर शिक्षणविचार आणि सिल्वासातल्या मुलाने लिहिले तर चूक, हा न्याय बरा नाही.

मग शिक्षकाने काय करावे? खोडू नये. शब्दाखाली रेघ मारावी आणि समासात लिहावे, ‘मराठीत इथे प्रशिक्षण म्हणतात. तालीम कुठे कुठे म्हणतात ते शोधून आण.’ मूल गुजराती बोलणाऱ्या शेजाऱ्याला विचारील, भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला विचारील, घाटावरून इकडे नोकरीला आलेल्या एखाद्या काकांना विचारील. एका शब्दाचे तीन-चार अर्थ घेऊन परत येईल. घरी वारली किंवा धोडिया बोलणाऱ्या मुलाला आणखी एक प्रश्न द्यावा. पुन्हा पुन्हा करून हात बसवण्याला तुमच्या बोलीत काय म्हणतात? तारपा वाजवायला शिकणाऱ्याचा श्वास वर्षानुवर्षांनी बसतो, त्याला काही नाव असणारच. ते शब्द कागदावर आले पाहिजेत, आणि ते आणू शकणारी मुले याच वर्गांत बसलेली आहेत.

‘प्रशिक्षण’ या शब्दाशी माझे भांडण नाही. तो कामाचा शब्द आहे. तीन दिवसांचे प्रशिक्षण होते, शेवटी प्रमाणपत्र आणि चहा मिळतो. तीन दिवसांची तालीम मात्र होत नाही. कुणाच्या ‘तालमीत तयार झाला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात काही वर्षे आणि एक माणूस गृहीत असतो. हा फरक कोशात नोंदवायला हवा, कारण शहरांतून हौद बुजत चालले आहेत. कित्येक तालमी आता फक्त गणेश मंडळाच्या किंवा बसथांब्याच्या नावात उरल्या आहेत आणि व्यायामाला जाणारा मुलगा ‘जिमला जातो’ म्हणतो. जागा गेली की तिच्या नावाचा अर्थही पुढच्या पिढीला सांगावा लागतो.

तालीम परकी आहे, काढून टाका, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना व्याकरणाकडे बोट दाखवावे. तारीखचे ‘तारखेला’ होते तसे तालीमचे ‘तालमीत’ होते, अनेकवचन ‘तालमी’ होते. मधला दीर्घ ईकार गळून जातो आणि आपल्याला ते कळतही नाही. जो शब्द भाषेच्या रूपावलीत इतका मुरला, तो परका कसा म्हणायचा?

शेवटी लेखनाचा प्रश्न, कारण शिक्षक तो विचारतातच. कुंगफू कसे लिहावे? इंग्रजी बोलणारा माणूस पहिला ‘क’ किंचित ‘ख’कडे झुकवतो. चिनीत तो स्वच्छ अल्पप्राण आहे. म्हणजे देवनागरीतला ‘कु’ मूळ उच्चाराला अधिक जवळ आहे. ‘फ’ मात्र ‘फळ’ मधला नाही, दात ओठाला लावून काढायचा, ‘फोन’ मधला. एक शब्द लिहावा की दोन, यावर मी भांडणार नाही. मी एक लिहितो. ऱ्हस्व-दीर्घाचे म्हणाल तर मराठीचा नेहमीचा नियम पुरतो. अनुस्वार असलेला उकार ऱ्हस्व, शब्दाच्या शेवटचा दीर्घ. ‘कुंकू’ लिहिता येते ना? तसेच ‘कुंगफू’.